टेकडीवरची न सरकणारी चांदणी

आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाद नको. मी भुताखेतांना भीत नाही आणि भुतंही माझ्या वाटेला जात नाहीत. आयुष्यातली पंचवीस वर्षं मेंढरांमागं उघड्या माळावर झोपून काढली. मसणवट्याच्या बांधाला मुक्काम पडला, पिंपळाखाली पडला, अमावास्येला पडला... रात्री अंगावर काय आलं? लांडगे आणि पाऊस. दुसरं काही नाही. वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात कुणी उलट्या पायाची बाई पाहिल्याचं लिहिलं की मी नातीला म्हणायचे, "ह्यांना महिनाभर मेंढरं राखायला लाव, पाठ टेकली की झोप लागंल, बाई दिसायला सवडच राहायची न्हाई."

आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसा खुशाल. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते — आणि हसण्यात मी किती हुशार होते, तेच तर सांगायचं आहे.

वय एकोणसत्तर. वहीत लिहिलं मी, टाईप केलं नातीनं, म्हणजे ऋतुजानं. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.

आमचं गाव नेकनूरच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण भाऊजींनी नको म्हटलं आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर सखाराम. घर गावाच्या कडेला, दोन खोल्या आणि वर स्लॅब. स्लॅबवर उभं राहिलं की पश्चिमेला एक टेकडी दिसते, उघडीबोडकी, बोरीची झुडपं आणि माथ्यावरचा एक वाकडा दगड सोडला तर तिच्यावर काही नाही. आमच्या बाजूनं चढ सोपा आहे, मी अजूनही चढते. पण पलीकडची बाजू एकदम तुटलेली, सरळ कडा. टेकडीच्या बऱ्याच उजवीकडं मांजरसुंब्याच्या धाब्यांचा पिवळट उजेड आभाळाला लागलेला असतो, आणि मागं लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडझाप करतात. हे सगळं नीट सांगते, कारण पुढं तुम्ही म्हणाल, "आजी, तो धाब्याचा दिवा असेल." नव्हता.

ऋतुजा बीडला कॉलेजात शिकते. तिनं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. पहिला फोटो मी चंद्राचा काढला. चंद्र असा आला, जसा न्हाणीतला साबण. ऋतुजा हसून हसून पडली.

"आजी, हात हलतो तुझा. स्टँड लागतो त्याला."

"मग आण की स्टँड."

"तू आधी हात तरी धुऊन ये, कॅमेऱ्याला बेसन लागलंय."

स्टँड मी घरातच शोधला. आमच्याकडं लोखंडी अडशिरी आहे, धान्य मोजायचं जुनं माप. ते ज्वारीनं भरायचं आणि ज्वारीत फोन खोचायचा. पाहिजे तसा तिरका करा, ज्वारी त्याला धरून ठेवते. वारा आला तरी हलत नाही. ऋतुजानं तो जुगाड मैत्रिणींना पाठवला, आणि मी एका आठवड्यात तिच्या कॉलेजात प्रसिद्ध झाले.

मग तिनं फोनमधला एक प्रकार दाखवला. त्याला स्टार ट्रेल म्हणतात. फोन वीस मिनिटं डोळा उघडा ठेवून बसतो. तेवढ्या वेळात चांदण्या सरकतात, म्हणून फोटोत प्रत्येक चांदणीची बारीक रेघ उमटते. आणि जे जागचं हलत नाही — खांबावरचा बल्ब, पवनचक्कीचा दिवा — त्याचा ठिपकाच राहतो. हे एवढं ध्यानात ठेवा. चांदणीची रेघ, दिव्याचा ठिपका. मला ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हसता हसता एकदम गप्प झाले होते, आणि का ते ऋतुजाला सांगितलं नव्हतं.

नाद लागला. मार्गशीर्षातली थंडी, आभाळ धुतल्यासारखं. जेवण झालं की साडेसात-आठला मी अडशिरी घेऊन वर. सून म्हणायची, "आत्या, ज्वारीला दव लागतंय." मी म्हणायची, "भाकरीला चांदण्यांची चव येईल."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पश्चिमेचा फोटो काढला. सगळ्या चांदण्यांच्या रेघा, सारख्या तिरक्या, जणू कुणी कंगवा फिरवलाय. आणि खाली टेकडीच्या माथ्यावर, वाकड्या दगडाजवळ, एक नारिंगी ठिपका. रेघ नाही. ठिपका.

मी मान वर करून टेकडीकडं पाहिलं. काळोख. फोटोत पाहिलं, ठिपका. पुन्हा टेकडी... काळोख.

ऋतुजाला फोन लावला. म्हणाली, "हॉट पिक्सेल असेल. कॅमेऱ्याचा एखादा कण खराब झाला की तसा डाग येतो." मग तो डाग फोनबरोबर फिरायला हवा ना? दुसऱ्या दिवशी मी फोन ज्वारीत कधी उजवीकडं, कधी डावीकडं खोचला. ठिपका फोटोच्या कधी या कोपऱ्यात गेला, कधी त्या. पण टेकडीवरची जागा तीच. वाकड्या दगडापाशी. सलग तीन रात्री. माझा मुलगा दत्ता दिवसा जाऊन आला. "काही नाही आई, दगड हाय, बोरी हायत, शेळ्यांच्या लेंड्या हायत."

तेव्हापासून माझी झोप गेली. भुताच्या भीतीनं नव्हे. का ते कळायला तुम्हाला माझा जुना पराक्रम ऐकावा लागेल.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सातवी पास. सासरी दुसऱ्या कुणाला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळं माझी मान मेंढ्याच्या शिंगासारखी सदा वरच. तेव्हा आमचं घर नव्हतं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन हिंडायचं, शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे. त्या वर्षी मुक्काम होता बरोबर इथंच — आज आमचं घर आहे त्याच शेतात. शेताचा हा कोपरा आम्ही पुढं कितीतरी वर्षांनी घेतला.

मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाशेजारी बांबू रोवायचा आणि दिवस बुडायला त्यावर कंदील टांगायचा. ते काम मुक्कामावरच्या बाईचं. चरायला गेलेला शेवटचा माणूस कळप घेऊन येईपर्यंत कंदील खाली घ्यायचा नाही, कारण अंधार पडल्यावर मोकळ्या माळावर त्याला दुसरी खूण नसते. सासूबाईंनी मला लग्नात मंगळसूत्राच्या आधी ही गोष्ट सांगितली असेल.

त्या दिवशी आमचे हे नेकनूरच्या बाजाराला गेले होते. सासूबाई गावात. भाऊजी, वय अठरा, एकटेच कळप घेऊन माळावर. एक मेंढी वाटेत व्याली, म्हणून त्यांना उशीर झाला. अंधारात ते कोकरू काखेत घेऊन परत निघाले आणि त्यांना एकच उजेड दिसला — टेकडीवर. ते उजेडाकडं चालत राहिले. कळप मागं. माथ्यावर पोचले तर उजेड विझला, आणि पुढच्या मेंढ्या काळोखात कड्यावरून गेल्या. एकीमागं एक. तेरा.

सकाळी ते मुक्कामावर आले तेव्हा कोकरू काखेतच होतं.

सगळे गोळा झाले. शेजारच्या मुक्कामावरची माणसंही आली. भाऊजी थरथरत सांगत होते, "उजेड व्हता. आईशपथ व्हता. हलत व्हता, येरझारा घालत व्हता. एकदा खाली वाकला, मग परत वर झाला. मला वाटलं वैनीच कंदील घेऊन वाट दावायला आली."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "कंदील टांगला व्हतास ना गं?"

"टांगला होता की!" मी म्हणाले. आणि पुढं, कुणी दुसरा प्रश्न विचारायच्या आत, "पश्चिमेला शुक्राची चांदणी होती, आत्याबाई. ती डोंगराआड बुडाली, तिच्यामागं भाऊजीपण बुडाले!"

"चांदणी वाकती का वैनी?" भाऊजी ओरडले. "म्या वाकताना पाह्यलं!"

आणि मी — मला आजही माझ्या त्या बावीस वर्षांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते — मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वाकली असंल की! तिच्या पायात काटा गेला असंल, काढायला वाकली असंल!"

सगळे हसले. तेरा मेंढ्या मेलेल्या, तरी हसले. सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या. त्याच दिवशी मी त्यांना नाव ठेवलं... शुक्रोबा. ते नाव गावोगाव गेलं. पोरं म्हणायची, बायका म्हणायच्या. सोयरीक घेऊन गेलं की मुलीचा बाप विचारायचा, "त्योच का, चांदण्यांमागं जानारा?" भाऊजींचं लग्न झालं नाही. कळप त्यांच्या हाती पुन्हा कुणी एकट्याला दिला नाही. ते कधी माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. फक्त संध्याकाळ झाली की पश्चिमेकडं पाठ करून बसायचे.

आता भाऊजी पासष्ट वर्षांचे आहेत, पुढच्या खोलीत राहतात, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "आता ऑपरेशन करा, अजून उशीर केला तर माझ्याही हातात काही राहणार नाही." दत्तानं तीनदा नंबर लावला, भाऊजींनी तीनदा नकार दिला.

"काका, कावून न्हाई म्हनता?"

"ह्या डोळ्यांनी एकदा फशिवलं मला," भाऊजी म्हणायचे. "त्यांना नवं करून आता काय बघायचंय? राहू दे जसं हाय तसं."

मी भाकरी थापत ऐकत असायची. भाकरी वाकडी व्हायची.

तर त्या घरात, त्याच टेकडीवर, मला ठिपका दिसला होता. येरझारा न घालणारा, न वाकणारा, पण ठिपका. चांदणी नव्हे, दिवा. समजलं ना झोप का गेली?

ऋतुजा शनिवारी आली. स्वतःच्या डोळ्यांनी फोटो पाहिले, मोठे करून पाहिले, ॲपमध्ये आभाळाचा नकाशा लावला. "शुक्र तर सध्या पहाटेचा उगवतोय आजी, संध्याकाळी नाहीच आहे." मग म्हणाली, "एक करू. कुणीतरी तिथं जाऊन उभं राहायचं, पूर्ण अंधारात, आणि इथून वीस मिनिटांचा फोटो काढायचा. तिथं काही असेल तर त्या माणसाला दिसेल."

"मी जाते," मी म्हणाले.

"आजी, रात्रीचं?"

"आठ वाजता रात्र होते तुमच्या बीडात. आमच्याकडं नाही."

दत्तानं मोटरसायकलवर टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. त्याचा गुडघा दुखतो, तो खालीच थांबला. मी काठी आणि बॅटरी घेऊन हळूहळू वर गेले. वाकड्या दगडापाशी पोचले, सुनेच्या बटणाच्या फोनवरून ऋतुजाला कळवलं. ती म्हणाली, "बॅटरी बंद कर. फोन पण आत ठेव. मी सुरू करते. वीस मिनिटं काहीही पेटवू नकोस."

बॅटरी बंद केली. फोन चोळीत खोचला, वर पदर, वर स्वेटर. अमावास्या जवळ आलेली, आपलाच हात दिसेना.

खरं सांगू? काहीसुद्धा दिसलं नाही. दिवा नाही, सावली नाही, अंगावर काटा नाही. कंटाळा आला. मला एका जागी उभं राहायची सवय नाही, जीभ गप्प बसली की पाय चालायला लागतात. तशी मी दगडापासून बोरीपर्यंत, बोरीपासून दगडापर्यंत फेऱ्या घालत होते. थंडी वाजत होती आणि मनात ती तेरा मेंढरं येत होती, म्हणून आणखी भराभर. मध्येच कुठूनतरी कोकरू ओरडल्यासारखं वाटलं, बारीक, नुकतं जन्मलेलं ओरडतं तसं. आलं असेल कुणाचं बिऱ्हाड खाली, म्हणून सोडून दिलं. वीस मिनिटं संपली असं वाटल्यावर बॅटरी लावली आणि खाली उतरले.

दत्ता म्हणाला, "आई, तू वर हायस का न्हाई तेच समजंना. नुसता काळोख."

"खाली कुणाची मेंढरं उतरलीत रे?"

"मेंढरं? सगळे मेंढरंवाले गंगेकडं, गोदावरीच्या काठाला गेलेत महिन्याखाली. कुत्रं न्हाई इथं."

घरी आलो तर ऋतुजा जिन्यातच उभी. रागावलेली. "आजी, मी सांगितलं होतं ना काही पेटवू नको म्हणून! सगळा फोटो घालवलास."

"काय पेटवलं मी?"

तिनं फोन माझ्या हातात दिला.

चांदण्यांच्या रेघा जिथल्या तिथं. आणि टेकडीवर ठिपका नव्हता. त्याच्या जागी नारिंगी उजेडाची ओढाताण. लहान पोरानं पेन्सिल पुढं-मागं ओढावी तशी. दगडापासून बोरीपर्यंत, बोरीपासून दगडापर्यंत, एकावर एक, कितीतरी वेळा. हातात कंदील घेऊन कुणी येरझारा घातल्या तर कॅमेऱ्यात जशा उमटतील, तशा. मधे एका जागी उजेड साचून जाड झालेला. आणि बोरीच्या जवळ एक रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत गेलेली, आणि परत वर आलेली.

"हे काय केलंस?" ऋतुजानं त्या खाली गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं खाली का वाकलीस?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. कारण एक गोष्ट मी तुम्हाला आत्ता वर सांगितली नाही, तशी मलाही तोवर आठवली नव्हती, इतकी ती साधी होती. फेऱ्या घालताना बोरीजवळ माझ्या चपलेतून काटा आरपार गेला होता. मी वाकून तो काढला होता.

दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. ऋतुजा कॅमेऱ्याची कारणं शोधत होती — भिंगात दुसऱ्या दिव्याचं प्रतिबिंब, फोन तापणं, काय काय. प्रत्येक कारणाला ती स्वतःच "पण मग ती वाकलेली रेघ?" म्हणून थांबायची. मी मात्र वेगळ्याच विचारात होते. भाऊजींना सांगायचं होतं. "उजेड होता, तुमचे डोळे खोटं बोलले नाहीत," एवढं सांगणं सोपं होतं. त्याच्या आधीचं वाक्य अवघड होतं, जे मी सत्तेचाळीस वर्षं गिळून बसले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ बसले. चहा दिला. मी म्हणाले, "भाऊजी, त्या रात्री मुक्कामावर कंदील नव्हता."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"मी बांबूवरून खाली घेतला होता. शेजारच्या मुक्कामावरच्या बायकांबरोबर त्यांच्या पालात सागरगोटे खेळायला नेला होता. डाव रंगला. परत आले तेव्हा उशीर झाला होता. कंदील टांगला आणि लावलाच होता म्हणून सांगितलं. तुम्हाला इथं उजेड दिसलाच नाही, म्हणून तुम्ही तिकडं गेलात."

त्यांनी कप खाली ठेवला. जमीन चाचपून ठेवला.

"सागरगोटे," ते म्हणाले.

"हो."

"जितली का तुमी?"

मी जिंकले होते. पण ते सांगायची छाती झाली नाही. मग मी फोटोचं सांगितलं, येरझारांचं, काटा काढायला वाकल्याचं. ते ऐकत होते की नाही, समजलं नाही. भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, पण मी खोलीत असेपर्यंत घास उचलायचे नाहीत. सत्तेचाळीस वर्षांत एकदाही अबोला धरला नव्हता त्या माणसानं. मी रात्री उठून स्लॅबवर जायची, टेकडीकडं बघायची, खाली यायची, पुन्हा वर. सून म्हणाली, "आत्या, घुंगरू बांधा पायात, निदान कुठं हायसा ते तरी कळंल." सांगून बसले याचा पश्चात्ताप होत होता, आणि आधीच का सांगितलं नाही याचा त्याहून जास्त.

नवव्या दिवशी सकाळी भाऊजींनी दत्ताला हाक मारली. "दवाखान्यात नंबर लाव."

दत्ता दारातच थांबला. "काका? एकदम?"

"मला त्यो फोटू बघायचाय."

"आईनं सांगितला की सगळा."

"वैनीच्या बोलन्यावर माझा भरवसा न्हाई," भाऊजी मोठ्यानं म्हणाले, मला चुलीपाशी ऐकू जाईल असं. "म्या माझ्या डोळ्यांनी बघनार हाय."

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, सांगितले तेवढे दिवस डोळ्यात थेंब टाकले. मग एका दुपारी ऋतुजा आलेली असताना ते अंगणात बाजेवर बसले आणि हात पुढं केला. मी फोन दिला.

बराच वेळ पाहिलं. फोन जवळ नेला, लांब नेला. मग नखानं त्या उजेडावरून हळूहळू वाट काढत गेले — दगड, बोर, दगड, बोर... खाली गेलेल्या रेघेवर येऊन थांबले.

"हाच," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "वैनी, काटा बोरीचा व्हता का बाभळीचा?"

"बोरीचा," मी म्हणाले.

"तरीच लई येळ लागला काढायला." आणि हसले. सत्तेचाळीस वर्षांनी त्या एका टोमण्याला उत्तर आलं, आणि मला हसताना रडू आलं. माझं आवडतं माणूस होतं ते, आणि मीच त्याला शुक्रोबा केला होता.

पण त्यांचं नख पुढं सरकलं होतं. जिथं उजेड साचून जाड झाला होता, तिथं थांबलं.

"हितं तुमी उभ्या राह्यल्या व्हत्या."

"नाही हो. मी थांबले कुठं? सारख्या फेऱ्याच घालत होते."

"थांबल्या व्हत्या. मला आठवतंय." ते टेकडीकडं बघत होते. पश्चिमेकडं तोंड करून बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "माझ्या काखेत कोकरू वरडलं, तवा उजेड जागच्या जागी थांबला. जनू कुनी कान देऊन ऐकतंय. म्हनून तर मला वाटलं, मानूस हाय. आपलं मानूस हाय. म्हनून म्या गेलतो."

कोकराचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ऋतुजाला नाही, कुणालाच नाही. दत्ताला फक्त मेंढरांचं विचारलं होतं. ऋतुजा माझ्याकडं बघायला लागली, आणि मला आठवलं — हो, ओरडणं ऐकून मी उभी राहिले होते. अंधारात, कान देऊन. बहुतेक मिनिटभर.

त्यानंतर आम्ही तसे बारा-तेरा फोटो काढले. ठिपका पुन्हा कधी आला नाही. ऋतुजानं तो फोटो कुठल्याशा आभाळवाल्या ग्रुपवर टाकला. कुणी म्हणालं खोटा आहे, कुणी म्हणालं आजीच्या खिशात मोबाईल असेल. त्यांना सांगा, आजीच्या चोळीला खिसा नाही.

मला याचा अर्थ लागत नाही. मी हिशेब लावून बघते आणि तो असा होतो की, जिथं कंदील लावायचा तिथं मी लावला नाही, आणि जिथं नको तिथं हातात काही नसताना उजेड घेऊन उभी राहिले. बाविसाव्या वर्षी एक चूक आणि एकोणसत्तराव्या वर्षी दुसरी, आणि दोन्ही एकाच रात्री. असं होत नसतं. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन, हसणार नाही. हसणं मी सोडलं आहे... निदान दुसऱ्याच्या डोळ्यांवर.

फक्त एक गोष्ट जीव खाते. कोकरू ओरडलं तेव्हा मी गप्प उभी राहिले. आयुष्यभर ही जीभ एक मिनिट स्थिर राहिली नाही, आणि तेव्हा राहिली. नुसतं "कोण हाय रे तिकडं?" एवढं जरी ओरडले असते...

म्हणून मी अजून जाते. आठवड्यातून एकदा तरी, आठच्या सुमाराला. वाकड्या दगडापाशी उभी राहते आणि पूर्वेकडं तोंड करून घसा ताणून हाळी देते, "भाऊजी, थांबा! पुढं कडा हाय!" गावातले लोक म्हणतात म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणू देत, आता माझी पाळी आहे.

परत आले की भाऊजी अंगणात जागे असतात. मी दर वेळी विचारते, "काही आठवतंय का? त्या रात्री कुणी ओरडलं होतं?"

ते विचार करतात. खोटं बोलायचं त्यांना कधी जमलं नाही.

"न्हाई वैनी," म्हणतात. "पन तुमी जात ऱ्हावा."